ज्यांचा मका खाल्ला, त्यांचीच जमीन

आठवड्याभरात तीन ग्रुपवर एकच मेसेज आला. अमेरिकेत गेलेल्या पहिल्या इंग्रजांनी म्हणे रिकाम्या हातांनी जंगलात नंदनवन उभं केलं, आणि आपला शेतकरी मात्र अनुदानाची वाट बघत बसतो. टोमणा मारायला चारशे वर्षांपूर्वीचे इंग्रज आणलेच आहेत, तर त्यांचा हिशेब एकदा बघूच.

1607 साली व्हर्जिनियात जेम्सटाउनला 104 जण उतरले. हात रिकामे नव्हते. लंडनच्या कंपनीने भागभांडवल गोळा करून त्यांना पाठवलं होतं, नंतरही बोटी भरभरून शिधा धाडला. हे अनुदानच की! बरेचसे लोक कुदळ न धरलेले 'जंटलमन'. सोनं शोधण्यात दिवस घालवले आणि पोट भरलं ते तिथल्या पोव्हाटन लोकांच्या मक्यावर. तो कधी तांबं आणि मणी देऊन घेतला, कधी बंदूक दाखवून. 1609-10 च्या हिवाळ्यात मका बंद झाला, तेव्हा घोडे, कुत्री, उंदीर खाऊन झाले. 2012 मध्ये तिथल्या उत्खननात चौदा वर्षांच्या मुलीची कवटी सापडली. तिच्यावर सुऱ्याच्या खुणा आहेत. पुढचं लिहवत नाही.

वसाहत तारली ती तंबाखूने. जॉन रॉल्फने स्पॅनिश वसाहतींतलं गोडसर वाण लावलं आणि लंडनच्या बाजारात ते चाललं. मग सगळेच तिकडे धावले. आधी दोन एकर मका, मगच तंबाखू, असा हुकूम डेल नावाच्या अधिकाऱ्याला काढावा लागला. तरी 1617 मध्ये जेम्सटाउनच्या रस्त्यांवरही तंबाखू उभी होती. भावाचं म्हणाल तर 1619 ला चांगल्या मालाला पौंडामागे 3 शिलिंग, म्हणजे 36 पेनी. 1630 च्या सुमारास एक पेनी! कापूस-सोयाबीनवाल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि राबत कोण होतं? बोटीच्या भाड्यापायी चार ते सात वर्षं बांधून घेतलेली इंग्लंडमधली गरीब पोरं. आपल्या सालगड्यासारखीच म्हणा, फक्त यांचा करार मालक परस्पर दुसऱ्याला विकू शकायचा. असा एक गडी आणला की आणणाऱ्याला 50 एकर जमीन. ती कुणाची? ज्यांचा मका खाल्ला, त्यांचीच.

1619 च्या ऑगस्टमध्ये एका जहाजातून अंगोलातले वीसेक बंदिवान आले. गव्हर्नर आणि कंपनीच्या व्यापाऱ्याने त्यांना विकत घेतलं. दहा वर्षांपूर्वी उंदीर खाल्लेल्या या वसाहतीने माणसांच्या बदल्यात काय दिलं? शिधा.