थर्मामीटर कुणाच्या हातात? दवाखान्यात संशय शिरतो तेव्हा

रुग्ण कोण, हे आजार ठरवतो. संशयित कोण, हे व्यवस्था ठरवते. ही दोन्ही कामे एकाच माणसाकडे दिली की पहिला बळी रुग्णाचा जातो. आणि या देशात संशयाची रांग लागली की तिच्यात सर्वात पुढे कोण उभा असतो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

आम्ही कारंजा लाडहून लिहितो आहोत. आमचा वाशीम जिल्हा २०१८ पासून नीती आयोगाच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांत मोडतो. मागास म्हणायची लाज वाटली की आकांक्षित म्हणतात. इथे गडचिरोलीचे जंगल नाही, चकमकी नाहीत. तरीही १० आणि ११ जुलै २०२५ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हा आम्ही ते विहारात बसून मोठ्याने वाचले. बेकायदा ठरवलेल्या संघटनेचा सदस्य नसतानाही जो तिला कोणत्याही प्रकारे मदत करील किंवा तिच्या सदस्याला आसरा देईल, त्याला २ वर्षांपर्यंत कैद आणि २ लाखांपर्यंत दंड. हे कलम ऐकून एका आशाताईने विचारले, "दादा, रात्री अनोळखी माणूस जखम घेऊन आला, तर आधी पट्टी बांधायची की आधी आधार कार्ड मागायचं?"

आधी सगळे हसले. मग कुणीच हसेना. कारण या प्रश्नाचे उत्तर त्या विधेयकात नाही. संयुक्त समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना आणि हरकती गेल्या होत्या. तरीही औषधपाणी करणाऱ्याला स्पष्ट अपवाद मिळाला नाही. यूएपीएच्या कलम १९ मध्ये आसरा देणाऱ्या पती-पत्नीला अपवाद आहे. डॉक्टरला, नर्सला नाही.

समर्थक म्हणतात, "कडव्या डाव्यांसाठी कायदा आहे, तुम्ही का घाबरता?" त्यांनी छत्तीसगडकडे बघावे. तिथे २००५ मध्ये याच नावाचा, म्हणजे विशेष जनसुरक्षा कायदा आला. १४ मे २००७ रोजी डॉ. बिनायक सेन यांना अटक झाली. वेल्लोरला शिकलेला हा बालरोगतज्ज्ञ आयुष्यभर आदिवासी आणि खाणकामगारांत राबला. आरोप काय, तर तुरुंगातल्या आजारी माओवादी नेत्याची पत्रे बाहेर पोचवली. त्यांच्या ३३ भेटी झाल्या होत्या, आणि त्या तुरुंग प्रशासनाच्या परवानगीने झाल्या होत्या. २४ डिसेंबर २०१० ला जन्मठेप. १५ एप्रिल २०११ ला सर्वोच्च न्यायालयाचा जामीन. जामीन मिळाला म्हणून धडा पुसला जात नाही. खेड्यापाड्यातल्या प्रत्येक डॉक्टरने तो वाचला: नको त्या रुग्णाजवळ जाऊ नकोस.

मालेगावचेही तसेच. २००६ च्या बॉम्बस्फोटात पकडलेल्या ९ मुस्लिम आरोपींमध्ये दोघे युनानी डॉक्टर होते. पाच वर्षे तुरुंग, २०११ मध्ये जामीन आणि एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाकडून दोषमुक्ती. त्यांच्या दवाखान्यात येणारे गोरगरीब रुग्ण या दहा वर्षांत कुठे गेले? हा प्रश्न कुणी विचारला? कुणी जाऊन लिहून घेतला?

इथेच आमचा मुद्दा सुरू होतो. ब्रिटनमध्ये २०१५ च्या दहशतवादविरोधी कायद्याने शाळांबरोबर सरकारी रुग्णालयांवरही जबाबदारी टाकली, की कुणी अतिरेकी विचारांकडे वळतो आहे का यावर लक्ष ठेवा आणि संशय आला तर कळवा. या योजनेचे नाव 'प्रिव्हेंट'. सरकारने तिला रुग्णाच्या काळजीचे गोड नाव दिले. पण तिथल्या अभ्यासकांनी सरकारी पत्रकावर विश्वास न ठेवता थेट कर्मचाऱ्यांना गाठले, त्यांचे अनुभव ऐकले. वॉरविक विद्यापीठाच्या शार्लट हीथ-केली आणि एर्झेबेट स्ट्राउस यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. 'मेडॅक्ट' या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनेचा अहवाल २०२० मध्ये आला. निघाले काय? अतिरेकी कसा ओळखायचा, याचे चित्र कर्मचाऱ्यांच्या डोक्यात बरेचसे टीव्ही आणि पुस्तकांतून आलेले. निर्णय मनाच्या आतल्या आवाजावर. आणि तो आतला आवाज कुणाकडे बोट दाखवत होता? मेडॅक्टच्या आकडेवारीत मुस्लिमांची नावे इतरांच्या सुमारे आठपट कळवली गेली होती. मानसिक आजाराचे रुग्णही त्यात भरडले गेले.

आतला आवाज! आम्ही या आवाजाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठियावाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत नोंदवली आहे. ती १९२९ मध्ये पत्ररूपाने छापून आली होती. त्याची बाळंतीण बायको तापाने फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. दोन रुपये फी ठरली, तीही वस्तीबाहेर तपासायच्या अटीवर. डॉक्टरने थर्मामीटर एका मुस्लिमाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने ते परत गेले. न्यूमोनिया आहे म्हणून सांगितले, औषध पाठवले, नंतर डॉक्टर फिरकला नाही. बाई गेली.

बाबासाहेबांकडे आकडेवारीचे तक्ते नव्हते असे नाही. पण अस्पृश्यता दवाखान्यात कशी चालते हे जगाला दाखवायला त्यांनी एका माणसाची साक्ष निवडली. आज विद्यापीठात याला गुणात्मक संशोधन म्हणतात. थर्मामीटर किती हातांतून फिरले, हे कोणत्याही सरकारी रकान्यात येत नाही. ते फक्त ज्याच्या घरी मरण झाले तोच सांगू शकतो.

आणि व्यवस्थेला जे दिसायला हवे ते दिसते का? २९ सप्टेंबर २००६, खैरलांजी. भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या. शवविच्छेदनात लैंगिक अत्याचाराची तपासणी नीट झाली नाही, हा आक्षेप समाजाने रस्त्यावर येऊन मांडावा लागला. समाज रस्त्यावर आला, तर तत्कालीन गृहमंत्र्यांना त्या आंदोलनात नक्षलवाद्यांचा हात दिसला. समोरच्या मृतदेहावरचा अत्याचार दिसत नाही, पण जिवंत माणसाच्या डोक्यातला नक्षलवाद दिसतो, अशी ही नजर आहे. हीच नजर आता आरोग्य केंद्रात बसवायची?

कुणी म्हणेल, डॉक्टर आजही पोलिसांना कळवतातच की. विष, भाजणे, गोळी, सुरा, सगळ्याची एमएलसी होते. होते, आणि व्हावी. पण एमएलसी जखमेची होते, विचारांची नाही. डॉक्टरांसाठीचे २००२ चे आचारनियम रुग्णाचे गुपित राखायला सांगतात. ते उघड करायची मुभा मोजक्या प्रसंगी आहे: न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्ती किंवा समाजाला गंभीर धोका, नोंदणीयोग्य रोग. उलट २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क देता देता 'सार्वजनिक सुरक्षितता' या शब्दांची खिडकी उघडी ठेवली आहे. त्या खिडकीतून उद्या कोण डोकावेल?

आपल्याकडे ब्रिटनसारखी नाव कळवण्याची लेखी सक्ती रुग्णालयांवर नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. आपल्याकडे सक्तीचे काम भीती करते. आणि तुरुंगात तर भीतीचीही गरज उरत नाही. साईबाबा खटल्यातला गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच आजाराने मेला. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले, तेव्हा तो निकाल ऐकायला तो नव्हता. ९० टक्के अपंग असलेले प्रा. साईबाबा सुटले आणि सात महिन्यांत, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, गेले.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, उपचार करणारा डॉक्टर, नर्स, आशा, १०८ चा चालक यांना सुरक्षा कायद्यांतून स्पष्ट, लेखी अपवाद द्या. दोन, तुरुंगातली आरोग्यसेवा तुरुंग प्रशासनाच्या मर्जीवर न ठेवता आरोग्य विभागाच्या जबाबदारीवर द्या. तीन, गडचिरोली, मालेगाव, नागपूरपासून आमच्या कारंज्यापर्यंत नर्स, आशा, रुग्ण आणि सुटलेले कैदी यांच्या साक्षी नावे गुप्त ठेवून लिहून घ्या. विद्यापीठे आणि समाजकार्य महाविद्यालये हे करणार नसतील, तर आपल्या पोरांनी करावे. वही-पेन घेऊन वस्तीत बसायला अनुदान लागत नाही.

त्या आशाताईला आम्ही त्या रात्री सांगितले, "ताई, आधी पट्टी." पण हे आम्ही सांगून भागणार नाही. ते कायद्याने सांगितले पाहिजे. तोवर थर्मामीटर हातोहात फिरतच राहील, आणि वस्तीबाहेर कंदिलाच्या उजेडात कुणीतरी वाट बघत बसेल.

जय भीम! जय संविधान!