रांगेत गाव उभं असतं

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सरकारी तपासणी केंद्रांत मी बरीच वर्षं एचआयव्ही समुपदेशक म्हणून काम केलं. पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष माझ्यासमोर बसायचे, ते सगळ्या जातींचे. पण वेळेवर कोण आला आणि उशिरा कोण आला, हे पाहिलं की जातीची रेघ स्पष्ट दिसायची.

लातूरच्या सधन घरातला मुलगा पुणे गाठतो, खासगी लॅबमध्ये पैसे भरतो, मोकळा होतो. मुखेडकडच्या बंजारा तांड्यावरचा किंवा औशाकडच्या मातंग वस्तीतला मुलगा एसटीनं सरकारी दवाखान्यात येतो आणि केसपेपरच्या रांगेत उभा राहतो. खिडकीतून मोठ्यानं प्रश्न येतो, "काय होतंय? कुणाला दाखवायचंय?" एकानं मला सांगितलं, "मॅडम, मागं आमच्या गावची माणसं हुती. दाढ दुखतीय म्हणलो अन् निघून गेलो." तो परत आला तेव्हा क्षयानं खंगला होता.

यातलेच काही जण दिवाळीच्या सुमारास टोळ्यांबरोबर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, चार जणांच्या नजरेसमोर एचआयव्हीच्या गोळ्यांची डबी उघडायची कशी? गोळ्या तुटतात, आजार उलटतो. मग आपण म्हणतो, ही माणसंच बेफिकीर.

हा आरोप मला सहन होत नाही. 2016 मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं एक अंदाज मांडला. परिस्थिती बदलली नाही, तर पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या कृष्णवर्णीय पुरुषांत दोघांमागे एकाला आयुष्यात कधीतरी एचआयव्हीचं निदान होईल. गोऱ्यांत अकरा जणांमागे एकाला. तिथल्या अभ्यासांत कृष्णवर्णीयांचं वागणं जास्त धोक्याचं आढळलं नव्हतं. विमा नसणं, उपचार उशिरा मिळणं, गरिबी, दवाखान्यातली वागणूक, हा फरक होता. वंशाच्या जागी जात ठेवा, मला आमची रांग दिसते.

आपला कायदा मात्र स्पष्ट आहे. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं 18 वं कलम लैंगिक कल आणि जात ही दोन्ही नावं एकाच वाक्यात घेतं आणि त्यावरून मानसिक आरोग्यसेवेत भेदभाव करायला मनाई करतं. प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत, हा कलम 377 वरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा. मानसिक आरोग्यसेवा कायदा त्याआधीच लागू झाला होता. एचआयव्ही कायद्यानं गोपनीयतेचा हक्क दिला. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जात विचारतं, लैंगिक कल विचारत नाही. त्यामुळे तांड्यावरचा तो मुलगा आकड्यांत फक्त त्याच्या जातगटातला एक पुरुष असतो आणि त्याच्यासाठी वेगळा पैसा, वेगळा माणूस कुणी मागत नाही.

नांदेडजवळच्या विष्णुपुरीचं आणि लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय ही रांग बदलण्याचं काम याच वर्षी सुरू करू शकतात. खिडकीवर आजार विचारू नये, नुसता क्रमांक द्यावा. समुपदेशकांत बंजारा बोलणारा, वस्तीतून आलेला माणूस असावा. आणि गोळ्यांवर स्थिरावलेल्या ऊसतोड कामगाराला, टोळी निघण्याआधी, निदान तीन महिन्यांच्या गोळ्या साध्या, नाव नसलेल्या डबीत द्याव्यात.