विघ्नातही सोबत

आज गणेश चतुर्थी. काळाचौकीच्या चाळींतून आरतीचे स्वर उठतील, तेव्हा त्यांत केवळ मागणे नसेल, कृतज्ञताही असेल. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्यांचे भोंगे मात्र एकामागून एक मुके झाले. विघ्नहर्त्याने हे विघ्न का टाळले नाही, हा प्रश्न त्या पिढीला पडला नसेल काय? तरीही घरोघरी गणपती येतच राहिला. कोणी भाजी विकली, कोणी पोळ्या लाटल्या. कुठे किराणा दुकानदाराने उधारीची वही मिटली नाही. संकट टळणे एवढीच ईश्वरी कृपा मानली, तर ती या वस्तीला लाभली नाही. परंतु संकटात न मोडण्याचे बळ आणि शेजाऱ्याच्या रूपाने पुढे आलेला हात, हीही त्याचीच कृपा होय. अर्थात, न्यायाची उणीव भक्तीने भरून निघत नाही. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न आजही पुरता सुटलेला नाही. मंगलमूर्तीपुढे हात जोडताना समाजाने व शासनाने हे ऋण स्मरावे.