भजी, धबधबा आणि स्टँडर्ड

पावसाळ्यातला शनिवार, आंबोलीचा धबधबा, ओलेचिंब कपडे आणि हातात गरमागरम कांदाभजीची प्लेट. स्वर्ग, स्वर्ग म्हणतात तो हाच! पण प्लेट रिकामी झाली की ग्रुपमधला एकजण हमखास ज्ञान पाजळतो, ‘‘फॉरेनला असल्या टपऱ्या चालल्याच नसत्या. आपल्या लोकांना स्टँडर्डच नाही, बॉस!’’

मला हा फंडा अजिबात पटत नाही. कारण ‘आपल्या लोकां’त नाशिकचे द्राक्षबागायतदारही आले. 2003मध्ये कीटकनाशकांचे अंश जास्त निघाले म्हणून त्यांची द्राक्षं युरोपात अडकली. मग अपेडा आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने कंबर कसली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची नोंद, तोडणीआधी लॅबमध्ये तपासणी. पुढे ‘ग्रेपनेट’ आलं आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येऊ लागला. शेतकरी तेच होते, बदलली ती भोवतालची व्यवस्था.

तरीही 2010मध्ये पुन्हा दांडी उडाली. या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. गंमत म्हणजे आपल्याकडे तपासायच्या यादीत ते नावच नव्हतं! नियम तिकडे, खबर इकडे पोचलीच नाही आणि फटका बसला बागायतदाराला.

आता या चष्म्यातून आंबोलीच्या टपरीकडे बघा. 2006चा अन्नसुरक्षा कायदा 2011पासून लागू झाला. टपरीवाल्यांनाही नोंदणी आली, पिण्यायोग्य पाणी वापरण्याचं बंधन आलं. नोंदणीची फी ठेवली वर्षाला अवघी 100 रुपये. म्हणजे अडतं ते फीपाशी नाही. अडतं ते पाण्यापाशी. घाटातल्या वळणावर नळ कुठून आणायचा? धंदा पावसाळ्यातल्या तीन-चार महिन्यांचा, डोक्यावर ताडपत्री, पुढच्या वर्षी ही जागा मिळेल याची खात्री नाही. अशात टाकी आणि सिंकवर पैसे कोण घालेल? घरगुती कोकम सरबत विकणाऱ्या मावशींचंही तेच. लॅबवाला नमुन्यामागे फी घेतो. मग तुम्ही 50 बाटल्या भरा नाहीतर 50 हजार. मोठ्या कंपनीला ती फी जाणवतही नाही, मावशींचा मात्र अख्खा नफा त्यात जातो.

आणि गिऱ्हाईक? युरोपातला खरेदीदार कडक आहे, पण चांगल्या मालाला दामही मोजतो. आपण मात्र दोनशेची कॉफी निमूटपणे पितो आणि घाटात वीस रुपयांच्या चहासाठी घासाघीस करतो. स्वच्छतेचे पाच रुपये कुणी वेगळे देतच नसेल, तर ती परवडणार कशी?

म्हणून मला वाटतं, टपऱ्या हटवणं हा उपाय नव्हे. स्टॉल्सना पक्की जागा द्या, सगळ्यांसाठी मिळून शुद्ध पाण्याचा नळ द्या, बचत गटांच्या बाटल्यांची एकत्र तपासणी करा. नाशिकला जमलं, सिंधुदुर्गात का नाही जमणार?

तोवर आपल्याला करता येण्यासारखं थोडं आहेच. पुढच्या ट्रिपला ‘‘मावशी, पाणी खंयचा?’’ असं हसून विचारा. सरबताच्या बाटलीवर तारीख, बॅच आणि 14 अंकी नंबर बघा. असेल तर दहा रुपये जास्त मोजायला कुरकुरू नका. आणि हो, प्लेट दरीत भिरकावू नका. स्टँडर्ड आपल्यालाही हवं ना, बॉस?