रापणकराचा मुलगा

बाप म्हणतो, "आतां दर्यात काय रवलां नाय, तूं मुंबैक जा." मुलगा म्हणतो, "माका हंयच रवाचा हा." मालवणच्या किनाऱ्यावर पुष्कळ घरांतून हा वाद ऐकूं येतो. इतरत्र तरुण घर सोडूं पाहतात व वडील त्यांस अडवितात. येथें बरोबर उलट आहे.

वडिलांची निराशा कोठून आली हें विद्यार्थ्यांनीं आधीं समजून घ्यावें. रापण हा एकट्याचा धंदा नव्हे. होडीनें अर्धवर्तुळाकार जाळें टाकावयाचें, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणावयाचे, मग अनेकांनीं मिळून तें ओढावयाचें. आणि बांगडे, तारल्या जें कांहीं लागेल त्याचे वाटे करावयाचे. मासा किनाऱ्याजवळ आला तरच हे श्रम फळास येतात. यांत्रिक नौका व पुढें पर्ससीन जाळीं त्यास वाटेंतच घेरूं लागलीं. समुद्रांतील मासेमारीच्या नियमनाचा कायदा १९८१ सालींच झाला होता. तरी २०१६ सालीं सरकारास पर्ससीनवर नवे निर्बंध घालावे लागले, आणि २०१७ सालीं प्रखर दिव्यांच्या मासेमारीस बंदी करावी लागली. कायदा कागदावर व नौका पाण्यावर, असें ज्यानें पस्तीस वर्षें पाहिलें, तो अर्ज करण्यास कंटाळला तर त्यास भित्रा म्हणणें अन्यायाचें आहे.

मुलगा याच सनावळीकडे वेगळ्या दृष्टीनें पाहतो. उशिरां कां होईना, कायदा आपल्या बाजूस वळला. २०२१ सालीं तर दंडही वाढले, असें तो म्हणतो. शिवाय तारकर्ली-देवबागेस पर्यटक येतात, त्यांस होडींतून फिरवितां येतें, घरीं उतरवितां येतें. त्याची आशा मला पोकळ वाटत नाहीं. मात्र खोलीचें भाडें त्यास जितकें पाठ आहे, तितका वारा व पाण्याचा रंग ओळखतां येत नाहीं. तें ज्ञान वडिलांपाशीं आहे, आणि मुलगा येथेंच अडकेल या भीतीनें ते तें सांगत नाहींत! मुलास परवानगी न देण्याचा बापास अधिकार असेल. पण ही विद्या त्याच्या एकट्याची नाहीं, ती त्यासही त्याच्या बापानेंच दिलेली आहे.

या वादांत आईस मात्र कोणी विचारीत नाहीं. बाजारांत पाटी घेऊन बसणारी तीच. कोणत्या वर्षीं किती मासा आला व मुलाची फी कोणत्या पैशांतून भरली, हें तिला तोंडपाठ असतें.