पदे छापली, सूर कोठे आहेत?

विनायक दामोदर सावरकर यांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेले 'संन्यस्त खड्ग' हे नाटक १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणिले. पदांच्या चाली वझेबुवांच्या. गाणारे मास्टर दीनानाथ. आज रत्नागिरीतील एखाद्या हौशी मंडळीने जुने संगीत नाटक बसवावयाचे ठरविले, तर नेहमीच्या छापील पुस्तकातून तिच्या हाती काय लागते? पदाचे शब्द, राग-तालांची नावे आणि फार तर 'चाल अमुक' एवढा शेरा. ज्या गाण्याची चाल सांगितली तेच गाणे लोक विसरले असतील, तर त्या शेऱ्याचा उपयोग काय? कुलपाची किल्ली पेटीतच राहिली!

याउलट जर्मनीत पाहा. रॉबर्ट शूमानने पियानो व वाद्यवृंद यांसाठी रचिलेली ए मायनर 'कॉन्चेर्टो' १८४५ साली पुरी झाली. तो १८५६ साली वारला. ती रचना प्रथम वाजविणारी त्याची पत्नी क्लारा हिने १८८१ पासून त्याच्या समग्र कृतींची आवृत्ती संपादिली. अशा जुन्या स्वरलिपींची पुनर्मुद्रणे आजही मिळतात. त्यांत पियानो, बासरी, शिंगे, तंतुवाद्ये, फार काय नगारेदेखील, प्रत्येकाची ओळ स्वतंत्र छापलेली असते.

आमच्याकडे कोणी म्हणेल, 'आमची विद्या गुरुमुखी. ती कागदावर मावत नाही.' हे अर्धसत्य होय. मोझार्टच्या कॉन्चेर्टोतही वादकाने स्वयंस्फूर्त विस्तार करावा म्हणून जागा मोकळी ठेविलेली असे. तथापि उरलेली रचना कोणी अलिखित ठेविली नाही. शिवाय भातखंडे यांनी क्रमिक पुस्तकमालिकेत शेकडो चिजा स्वरलिपीत दिल्या आणि खुद्द वझेबुवांनी 'संगीत कलाप्रकाश' लिहिला. मग ख्यालाला जो कागद चालतो तो नाट्यपदासच का विटाळावा?

दुसरे म्हणतील, 'ध्वनिमुद्रिका आहेत ना!' त्या अमोल आहेत खऱ्या. परंतु जुन्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीनच मिनिटे मिळत. रंगभूमीवर रात्र रात्र रंगणारे गाणे त्यात आखडून बसले. बालगंधर्वांमागे कादरबक्षांची सारंगी व थिरकवाँचा तबला काय करीत होता, हे त्या तुकड्यावरून किती कळणार?

खरा दोष आमच्या वृत्तीत आहे. नाटककाराचा शब्द हे वाङ्मय आणि संगीतकाराचा सूर हा करमणुकीचा भाग, असे आम्ही मानितो. म्हणून शब्दांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात आणि चाली मात्र वृद्ध गायकांबरोबर स्मशानात जातात.

आमचे मागणे साधे आहे. संगीत नाटकाची नवी आवृत्ती काढणाऱ्याने प्रत्येक पदाखाली त्याची स्वरलिपी छापावी. खल्वायनसारख्या संस्थांनी ज्या रत्नागिरीत संगीत नाटक जागते ठेविले आहे, तिनेच 'संन्यस्त खड्गा'पासून आरंभ करावा. जाणते गळे आहेत तोवरच हे काम होईल. ते मिटल्यावर उत्तम छापखानाही निरुपयोगी ठरेल.