अभ्यासिका उभ्या राहिल्या, गोष्टींचं कपाट कुठे आहे?

एप्रिल आला की विहारांत, वसतिगृहांत, महाविद्यालयांत ‘सलग १८ तास अभ्यास’ हा उपक्रम होतो. मुलंमुली पहाटे सहाला बसतात आणि रात्री बाराला उठतात. फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात. उपक्रम चांगलाच आहे. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर कानावर पडण्याचीही बंदी होती त्यांची लेकरं १८ तास पुस्तकासमोर बसतात, हे मनुस्मृतीला दिलेलं रोखठोक उत्तर आहे. पण आमचा प्रश्न एकोणिसाव्या तासाचा आहे. हजेरी घेणारा घरी गेल्यावर, कुणी बघत नसताना, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात कुठलं पुस्तक असतं?

बहुतेक ठिकाणी कुठलंच नसतं. यात मुलाचा दोष नाही. आपल्या वस्तीतलं पुस्तकांचं कपाट उघडून बघा. एका खणात पोलीस भरती, तलाठी भरती, एमपीएससी, सामान्य ज्ञान, अंकगणित. दुसऱ्या खणात शासनाने छापलेले बाबासाहेबांचे खंड, बऱ्याचदा प्लॅस्टिकचं वेष्टनही न काढलेले. तिसरा खण नाहीच. तेरा ते सतरा वयाचं पोर चित्रांच्या पुस्तकांना मोठं झालेलं असतं आणि खंड पेलायला अजून लहान असतं. त्याच्यासाठी या कपाटात काय आहे? काही नाही. आणि वर भिंतीवर पाटी: ‘वाचाल तर वाचाल’. पाटी खरी आहे, पण चौदा वर्षांच्या मुलाला ती धमकीसारखी ऐकू येते. धमकी देऊन कुणाला भूक लागत नाही.

व्यासपीठावरचे वक्ते तरुणांना दरवर्षी सुनावतात, ‘तुम्ही वाचत नाही, बाबासाहेब अठरा-अठरा तास वाचायचे.’ ते तास मोजणाऱ्यांनी एक गोष्ट सोयीस्करपणे वगळली आहे. एवढे तास माणूस कर्तव्यापोटी बसू शकत नाही, त्याला गोडी लागलेली असावी लागते. शाळकरी भीमरावांना क्रमिक पुस्तकांपलीकडचं वाचायचा नाद होता. त्यांनी पुस्तक मागितलं की वडील रामजी कधी मुलीकडे पैसे मागायला जात, तर कधी तिचा दागिना गहाण टाकायला मागून आणत. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा हा मुलगा कृष्णराव अर्जुन केळुसकरांच्या नजरेत भरला. पुढे त्याच्या परीक्षेतल्या यशाबद्दल सत्कार झाला, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. ते पुस्तक कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. त्यावर कुणी प्रश्नपत्रिका काढणार नव्हतं. पण पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांना आपल्या बुद्धाकडे वळण्याचा आरंभ त्या भेटीत दिसला. १९५६ च्या दीक्षाभूमीचा एक रस्ता त्या बागेतून निघतो. ‘हे परीक्षेला आहे का?’ असं विचारून त्या मुलाच्या हातातलं पुस्तक तेव्हा कुणी काढून घेतलं असतं तर?

न्यूयॉर्कला शिकताना पोटाला चिमटा काढून जुन्या बाजारातून पुस्तकं गोळा करणारा, दादरला राजगृह बांधताना माणसांइतकीच ग्रंथांची सोय बघणारा हा माणूस वाचनाचा रसिक होता. त्याच्या हातातल्या ग्रंथाचं आपण पुतळ्यात दगडी पुस्तक केलं आणि त्यातली चव तेवढी गाळून टाकली, तर ती भक्ती होते. आणि व्यक्तिपूजेचा धोका त्यांनीच आपल्याला सांगून ठेवला आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पोटाचा. ‘आपली पोरं मजुरांची. आधी नोकरी, मग गोष्टी. मजेसाठी वाचणं हे भरल्या पोटाचे चोचले.’ असं म्हणणारे मनाने वाईट नसतात, पण त्यांचा हिशेब चुकतो. २००० साली अनेक देशांतल्या १५ वर्षांच्या मुलांची ‘पिसा’ ही वाचनाची चाचणी झाली. भारत त्यात नव्हता. निकालात दिसलं ते असं: ज्यांचे आईबाप सर्वांत खालच्या दर्जाच्या कामांत होते, पण जी स्वतः आवडीने आणि तऱ्हेतऱ्हेचं वाचत होती, त्या मुलांचे सरासरी गुण मोठ्या हुद्द्यावरच्या आईबापांच्या, पण वाचनाची ओढ नसलेल्या मुलांपेक्षा जास्त होते. एका चाचणीवरून सगळं सिद्ध होत नाही, हे मान्य. पण जन्माने दिलेली पायरी ओलांडायला मदत करणारी गोष्ट समोर दिसत असताना तिला चोचले म्हणणं आपल्याला परवडणार नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मासिकं, कादंबऱ्या, दिवाळी अंक लोळत असतात, त्यांची मुलं उताऱ्यावरचे प्रश्न सहज का सोडवतात? त्यांच्यात उपजत ‘मेरिट’ असतं म्हणून नव्हे. त्यांनी गंमत म्हणून हजारो पानं आधीच पालथी घातलेली असतात. आपण त्यांची परीक्षा तेवढी उचलली आणि त्यांची गंमत त्यांच्याकडेच राहू दिली.

दुसरा आक्षेप चळवळीतून येतो. ‘आधी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ वाचा, मग बाकीचं.’ ते वाचलंच पाहिजे, यात वाद नाही. पण ज्या मुलाने एकही जाड पुस्तक कधी आवडीने संपवलेलं नाही, त्याच्यापुढे तो ग्रंथ ठेवला तर तो कपाळाला लावून परत ठेवील. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली माणसं शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. एवढी पुस्तकं विकत घेणाऱ्या समाजाचा अभिमान वाटावा तेवढा थोडा. पण घरी गेल्यावर तेच पुस्तक तसबिरीशेजारी उभं राहत असेल आणि लेकरू त्याला हात लावायला बिचकत असेल, तर आपण नवा देव्हारा मांडला. पुस्तकाची पूजा धम्मात बसत नाही. पुस्तक हाताळून मळलं पाहिजे.

तिसरी अपेक्षा बाहेरून येते आणि कळत नकळत आपणही ती मानतो. दलित मुलाने दलितांचं दुःखच वाचावं, अशी ती अपेक्षा. आम्ही म्हणतो, ही सुद्धा एक वेसच आहे. ‘बलुतं’, ‘जिणं आमुचं’, ‘आयदान’ या पुस्तकांनी आपल्याला वाचा दिली आणि ती वाचायची वेळ प्रत्येकाची येतेच. पण आपल्या पोरीला रहस्यकथेत खुनी शोधायचा, अवकाशयानात बसायचा, फास्टर फेणेच्या सायकलमागे धावायचा, भुताच्या गोष्टीने घाबरून पांघरूण ओढायचा तितकाच हक्क आहे. आपल्या वेदनेबाहेरचं जग बघायला कुणाची परवानगी लागत नाही.

रंजन आणि विद्रोह एकमेकांचे वैरी नाहीत, हे तर आपल्याच माणसाने दाखवून दिलं आहे. दीड दिवस शाळेत गेलेले, मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरं वाचत अक्षरं पक्की करणारे अण्णाभाऊ साठे. त्यांची १९५९ ची ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, आणि ती हातात घेतली की खाली ठेवता येत नाही. घोडदौड, लूट, तुरुंग, बंड, सगळं त्यात आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला ती ‘थोर साहित्य’ म्हणून देऊ नका. ‘लई भारी गोष्ट आहे’ म्हणून द्या. आणि आमचा एक प्रश्न आपल्या लेखकांनाही आहे. आत्मकथनांनी मराठी साहित्य हादरवलंत. आता वस्तीतल्या मुलामुलींनी चोर पकडलेत, यंत्रं बनवलीत, प्रेमात पडलेत अशा किती कुमार कादंबऱ्या लिहिल्यात? आपल्या बोलीत बोलणारा, पण प्रत्येक पानावर रडायची सक्ती नसलेला नायक आमच्या पोरांना कधी भेटणार?

पुस्तकापासून दूर ठेवणं हे जातीचं जुनं हत्यार आहे. १८५५ साली जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली, अवघ्या चौदाएक वर्षांची मुक्ता साळवे हिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद फक्त ब्राह्मणांनीच पाहायचे असतील तर मग आमचं धर्मपुस्तक कोणतं, असा सरळ सवाल त्या मातंग मुलीने केला. किशोरवयीन मुलीच्या हाती अक्षर आलं की ती काय करू शकते, याचा हा पुरावा आहे. आज तिच्या वयाच्या पोरीला वेदांची बंदी नाही, पण वेळेची आहे. मुलगा मोबाइल घेऊन बसला तर चालतं, मुलगी पुस्तक घेऊन बसली की ‘रिकामी बसलीस तर भांडी घास’ असं ऐकू येतं. घराघरातला हा मनू आधी हटवा.

शाळेलाही सोडू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय सांगितलं आहे आणि त्यात गोष्टींची पुस्तकं असावीत असं स्पष्ट लिहिलं आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे हार घालणाऱ्या शाळेत जा आणि विचारा, ते कपाट उघडं असतं की कुलूपबंद? शेवटचं पुस्तक घरी कधी दिलं? हा कायदा आठवीपर्यंतचा. नववीपासून मूल परीक्षेच्या हवाली होतं, म्हणून पुढचा भार विहाराने उचलायला हवा.

काम फार मोठं नाही. विहारात तिसरा खण करा. त्यातली पुस्तकं मुलांनाच निवडू द्या, कॉमिक्स मागितली तर कॉमिक्स आणा. पुस्तक घरी न्यायला द्या. फाटलं तर चिकटवू, हरवलं तर दुसरं आणू. वाचून झाल्यावर ‘काय बोध घेतलास?’ हा प्रश्न बंद करा. कंटाळवाणं पुस्तक अर्ध्यात सोडायची मुभा द्या. रविवारी वंदनेनंतर कुणीतरी अर्धा तास मोठ्याने गोष्ट वाचा आणि ऐन रंगात थांबवा, पुढचं पोरं स्वतः शोधतील. आणि त्या वेळी मुलींना घरकामातून सोडवून आणण्याची जबाबदारी भावांनी घ्या.

१९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिकण्याचा, चेतवण्याचा, संघटित होण्याचा मंत्र दिला, तो आपल्याला पाठ आहे. त्याच भाषणात त्यांनी आपल्या लढ्याला आनंदाची बाब म्हटलं होतं, ते मात्र आपल्या बॅनरवर कधी आलं नाही. ज्या लढ्यात आनंद नाही तिथे तरुण एक दिवस येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. १८ तास जरूर बसवा. पण यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून गोष्टींची पन्नास पुस्तकं घ्या आणि एकोणिसावा तास मुलांच्या स्वाधीन करा.

जय भीम!